मानेच्या वर

कुणी समोर येऊन बसलं की माझी नजर आधी त्याच्या खालच्या पापणीकडं जाते. माणूस बोलत असतो, प्रवास कसा झाला ते सांगत असतो, आणि मी ऐकता ऐकता बघत असते. ओठ फिके आहेत का, डोळ्यांतला पांढरा भाग पांढराच आहे का, बोलणं ऐकताना मान एकाच बाजूला वळते का. नात्यातल्या बायकांना हे माहीत आहे. लग्नघराच्या गडबडीतही एखादी नणंद हात पुसत खिडकीपाशी येते आणि हळूच म्हणते, "वहिनी, बघा हो जरा. जिना चढला की धाप लागते हल्ली." मी तिला उजेडाकडं तोंड करायला लावते आणि अंगठ्यानं खालची पापणी अलगद खाली ओढते. आतली कड लालसर हवी. ती फिकुटली असेल तर एवढंच सांगते की गावी गेल्यावर आधी रक्त तपासून घे.

माझी सगळी नोकरी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. पेशंट डोक्यापासून पायापर्यंत तपासायचा, हा आमचा पहिला धडा. त्यातला सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे डोकं, डोळे, कान, नाक, घसा. ही पाच नावं मुली एका दमात म्हणून टाकायच्या, आणि मी त्यांना थांबवत असे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकानं तर गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या वरच्या या भागासाठी शालाक्यतंत्र नावाची वेगळी शाखाच मानली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात एकट्या डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, कानाचे २८, नाकाचे ३१. ही गणती आज कुणी तशीच वापरणार नाही. पण ती करणारा माणूस किती जणांच्या तोंडासमोर बसला असेल, किती वेळ बसला असेल, याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

मानेच्या वरच्या भागाचं एक वेगळेपण मला फार उशिरा जाणवलं. हात, पाय, पोट आपलं आपल्याला दिसतं. गुडघा सुजला तर आपणच वाकून बघतो. पण आपलं डोकं, आपले डोळे, कानाची आतली वाट, घसा यांतलं काहीच आपल्याला थेट दिसत नाही. ज्या भागानं आपण सगळं जग बघतो, ऐकतो, हुंगतो, चाखतो, नेमका तोच भाग बघायला दुसरं कुणीतरी लागतं. आरसा चेहरा दाखवतो. पण डोक्यामागचा वण, कानाचा पडदा, पडजिभेच्या मागची जागा यांची खबर आरशाकडून मिळत नाही.

तपासणी सुरू होते केसांपासून, आणि पहिल्या वर्षाच्या मुली तिथंच अडखळतात. अनोळखी माणसाच्या डोक्याला हात लावायचा त्यांना संकोच. तेलाचा वास, कोंडा, उवा, लिखा. मी सांगत असे, दोन्ही हातांची बोटं मुळांपर्यंत न्या आणि तांदूळ निवडताना लक्ष जसं बोटांत उतरतं तसं उतरू द्या. टेंगूळ, खड्डा, दुखरी जागा डोळ्यांच्या आधी बोटांना कळते.

एकदा फीमेल वॉर्डात चक्कर येते म्हणून दाखल झालेल्या एक वयस्क बाई अंबाडा सोडायला तयार होईनात. मी मावशींना पडदा ओढायला सांगितलं, माझी विद्यार्थिनी पलंगाच्या कडेला बसली, आणि आम्ही थांबलो. बाईंनी एकेक आकडा काढून उशीवर ठेवला. मुलीची बोटं डाव्या कानामागून वर गेली आणि थबकली. तिथं बोटभर लांबीचा वण होता, त्यावर केस उगवलेच नव्हते. बाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "फुंकणी मारली होती. धाकटा पोटात होता तेव्हा." मुलीनं विचारलं, "दवाखान्यात कधी सांगितलं नाहीत?" बाई म्हणाल्या, "कुणी केस सोडायला लावले नव्हते." मुलीनं केसपेपरवर वणाची जागा आणि लांबी लिहिली. मग तिनंच बाईंचे केस विंचरून अंबाडा घालून दिला. तो काही तपासणीचा भाग नव्हता. पण मला ती तपासणी तिथंच पुरी झाल्यासारखी वाटली.

बाळाच्या डोक्याची गोष्ट निराळी. जन्मतः त्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, आणि पुढच्या बाजूला टाळूची ती चौकटच्या आकाराची मऊ जागा, जिथं कवटीची हाडं अजून एकमेकांना भेटलेली नसतात. आपल्या घरांतून आज्या टाळू भरतात. तेलाची बोटं त्या जागेवर फिरतात आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू असतं. तेलानं टाळू भरत नाही. हाडं आपल्या वेळेनं, बहुधा दीड वर्षाच्या सुमाराला जुळून येतात. पण रोज तिथं हात फिरवणाऱ्या आजीला टाळू खोल गेल्याचं सगळ्यांच्या आधी कळतं, हे मी बालरोग वॉर्डात अनेकदा पाहिलं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की टाळू खोल जाते. मेंदूभोवतीचा दाब वाढला की ती फुगते, ताणते. बघायची तर बाळ उभं धरलेलं हवं आणि शांत हवं, कारण रडताना निरोगी बाळाचीही टाळू वर येते. म्हणून मी मुलींना सांगत असे, आधी आईला बाळ पदराखाली घेऊ दे. घाई करणाऱ्याला टाळू खरं सांगत नाही.

डोळ्यांनाही त्यांचा उजेड लागतो. कावीळ बघायची तर दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे. पेशंटला खाली बघायला सांगायचं आणि वरची पापणी उचलायची. तिथला पांढरा भाग एरवी झाकलेला असतो, ऊन-धूळ त्याला फारशी लागत नाही, म्हणून तो भरवशाचा. मग टॉर्च. एका डोळ्यावर उजेड टाकला की बाहुली बारीक होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं; पण त्याच क्षणी दुसऱ्या, अंधारातल्या डोळ्याची बाहुलीही बारीक होते, हे पहिल्यांदा पाहताना माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या तोंडून काहीतरी निघत असे. एका डोळ्याला लागलेला उजेड दोघांनी मिळून घ्यायचा, अशी ही आतली जोडणी.

शाळातपासणीला गेलो की डोळ्यातल्या बुबुळाच्या कडेला, कानाकडच्या बाजूला, फेसाळ करडे ठिपके शोधायचे. बितो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६३ साली त्यांचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्या ठिपक्यांना पडलं. ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं चिन्ह. ठिपका लहानसा असतो, दुखत नाही, खुपत नाही. मूल काही सांगत नाही. फार तर आई म्हणते, "तिन्हीसांजेला ठेचकाळतो." माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असे ठिपके दिसत, पुढं नवव्या महिन्यापासून बाळाला मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या डोसांची चांगली घडी बसली आणि ते दुर्मीळ होत गेले. एखादी गोष्ट शोधायला जावं आणि ती सापडू नये, याचा आनंद आमच्या कामात फार मोठा असतो.

नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. सहा मीटरवर बसून वाचायचा. सगळ्यात वरचं मोठं अक्षर निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसावं, इतकं मोजून काढलेलं. आपल्याकडं देवनागरी अक्षरांचेही तक्ते असतात. एका शिबिरात असाच तक्ता लावला होता. एक बाई खुर्चीवर बसल्या आणि पहिल्याच अक्षराला म्हणाल्या, "नाही दिसत." दुसऱ्याला, "नाही." मागं ओळीत उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. मी दुसरा तक्ता टांगला. त्यात अक्षरं नसतातच, फक्त इंग्रजी 'ई'चा आकार वेगवेगळ्या दिशांना वळवलेला असतो. त्याच्या दांड्या कुठं उघडतात ते बोटांनी दाखवायचं. बाईंनी बोटं वर केली, खाली केली, डावीकडं, उजवीकडं. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चुकलं नाही. नजर उत्तम होती. शाळेनं त्यांना घेतलं नव्हतं. तक्ता बदलल्यावर त्यांची मान ताठ झाली, ती मी विसरलेले नाही.

कानाची वाट सरळ नसते. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागं ओढला की ती सरळ होते, लहान मुलाचा मात्र खाली आणि मागं. एवढं साधं, पण उलटं केलं की मूल किंचाळतं आणि आत काहीच दिसत नाही. त्या वाटेच्या टोकाला, साधारण अडीच सेंटिमीटर आत, पडदा. जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा, मोतिया करड्या रंगाचा, आणि त्यावर उजेडाचा एक तिकोनी कवडसा. उजव्या कानात तो घड्याळातल्या पाचच्या जागी पडतो, डाव्या कानात सातच्या. कवडसा जागेवर नसला की पुढं बघायचं. पडदा फुगलाय का, आत ओढला गेलाय का, फाटलाय का. बघायला आलेल्या कानांत काय काय सापडायचं! काडीला गुंडाळलेला कापूस, आकड्यानं ओरबाडलेल्या जखमा, लसूण घालून कढवलेल्या तेलाचा थर. फुटलेल्या पडद्याच्या कानात तेल गेलं की दुखणं वाढतं, हे सांगून सांगून आमचे घसे बसले. ज्यानं तेल घातलं त्याची माया खरीच होती, म्हणून सांगताना आवाज चढू द्यायचा नाही, एवढं मी पाळलं.

आमच्याकडं इचलकरंजीचे माग कामगार येत. यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभी राहिलेली माणसं. ती मोठ्यानं बोलतात, समोरच्याच्या ओठांकडं बघतात, आणि कानांनी कमी ऐकू येतं का विचारलं तर नाही म्हणतात. खोटं बोलत नसतात. ऐकणं इतक्या हळूहळू ओसरतं, आणि त्यातही बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, की गेल्याचं गेलेल्याला कळत नाही. घरातली बायको सांगते, "मिक्सरची घरघर ऐकू येते यांना, नातीचं बोलणं नाही." पाठीमागं उभं राहून, दुसरा कान बोटानं बंद ठेवून, हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि ते परत म्हणायला लावायचे, ही तपासणीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त रीत. त्या शांत खोलीत एखादा धिप्पाड कामगार आकड्याची वाट बघत बसतो. आकडा म्हणून झालेला असतो.

नाकाबद्दल लोकांना फारसं सांगायचं नसतं; घोळणा फुटला की मात्र सगळं घर धावतं. डोकं मागं कर, कांदा हुंगव, पाणी थाप. खरं तर मान पुढं झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्यायचा. बहुतेक वेळा रक्त येतं ते मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून, जिथं बारीक रक्तवाहिन्या अगदी वर जमलेल्या असतात. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असलेलं मूल दिसलं की समजावं, आत मणी आहे, नाहीतर हरभरा. हरभरा ओलाव्यानं आत फुगतो. मूल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग घसा, आणि त्याच्या आधी तोंड. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका पुष्कळ. तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासायची. त्या तोंड उघडताना पदर ओठांशी नेतात. हिरडीवर, गालाच्या आत एखादा पांढरा चट्टा असतो, तो खरवडून निघत नाही. तसा दिसला की पुढं पाठवायचं, आणि पाठवताना त्या बाईला घाबरवायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. तरुण पोरं गुटख्याची आणि सुपारीची. त्यांना मी म्हणायची, "तुझी तीन बोटं उभी धर आणि तोंडात घाल बघू." निरोगी तोंडात तीन बोटं मावतात. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होत गेली की दोन मावतात, मग एक. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पुड्या तरीही मिळत राहिल्या. तीन बोटांपैकी एक बाहेर राहिलं की पोराच्या चेहऱ्यावरचं हसू जातं, कारण ते त्यानं स्वतःच्याच हातानं मोजलेलं असतं.

स्वतःचा घसा आतपर्यंत पाहिलेला एक माणूस होऊन गेला. मानुएल गार्सिया हे स्पॅनिश संगीतशिक्षक. आवाज नेमका कुठून निघतो, याचा ध्यास त्यांनी घेतला होता. १८५४ साली पॅरिसमध्ये, पाले रोयालच्या बागेत उन्हाची तिरीप पाहून त्यांना सुचलं. दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा त्यांनी गरम पाण्यात धरला, पडजिभेला टेकवला, हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं, आणि आपल्या घशातल्या स्वरपट्ट्या उघडताना-मिटताना पाहिल्या. पुढच्या वर्षी हे निरीक्षण त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं मांडलं. कान-नाक-घशाच्या ओपीडीत पुढं कित्येक पिढ्या तीच रीत चालली. आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. मग आधी आपल्याच हाताच्या पाठीला लावून बघायचा, चटका बसत नाही ना. आता दुर्बिणी आल्या, स्क्रीनवर घसा दिसतो. पण आरसा आधी आपल्या हाताला लावायचा, हे मी आजही शिकवलं असतं. गार्सिया १०१ वर्षं जगले. बहुतेक आयुष्य त्यांनी इतरांचे आवाज ऐकण्यात घालवलं.

शेवटी मान. इथं तपासणाऱ्यानं पेशंटच्या मागं उभं राहायचं आणि दोन्ही हातांची बोटं पुढून गळ्यावर ठेवायची. हनुवटीखाली, कानाखाली, मानेच्या बाजूंना गाठी शोधायच्या. मग घोटभर पाणी गिळायला सांगायचं. थायरॉइडची गाठ असेल तर गिळताना ती वर सरकते. तपासणारा माणूस दिसत नाही आणि त्याचे हात गळ्यावर असतात, अशी ही एकच वेळ. म्हणून मागं जाण्याआधी समोर उभं राहून सांगायचं, "आता मी तुमच्या मागं येते, मानेला हात लावते." डोक्यावर वण असलेल्या त्या बाईंनंतर मी हे वाक्य एकाही मुलीला गाळू दिलं नाही.

हे सगळं झाल्यावर केसपेपरवर बहुतेक वेळा तीन अक्षरं पडतात, एनएडी. वावगं काही आढळलं नाही. वॉर्डात ही अक्षरं न बघताही लिहिता येतात, आणि लिहिली जातात. बघून लिहिलेली आणि न बघता लिहिलेली एनएडी कागदावर अगदी सारखी दिसते. फरक फक्त दोघांना माहीत असतो, ज्यानं लिहिलं त्याला आणि ज्याच्या डोक्याला, पापणीला, कानाला कुणाचा हात लागला किंवा लागला नाही त्याला.

अलीकडं फोन मी उजवा सोडून डाव्या कानाला धरू लागले, हे सुनेनं मला दाखवून दिलं. कान दाखवायला गेले, तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी होती. तिनं ट्यूनिंग फोर्क कोपराच्या हाडावर वाजवला आणि त्याचा पाय माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. वेबर यांनी १८३४ साली सांगितलेली तपासणी. मी ती फळ्यावर काढून शिकवलेली. आवाज मधोमध येत असेल तर दोन्ही कान सारखे. ज्या कानाची वाट अडली आहे तिकडं तो मोठा होतो. कानाची नस थकली असेल तर तो चांगल्या कानाकडं जातो. "कुठं येतोय, मावशी?" तिनं विचारलं. "डावीकडं," मी म्हणाले, आणि म्हणतानाच त्याचे दोन्ही अर्थ मला कळले. मग तिनं रिने यांची तपासणी केली. फोर्क कानामागच्या हाडावर, मग कानासमोर. "आता जास्त की तेव्हा जास्त?"

एवढी वर्षं मी बघण्याचं कौतुक करत आले. पण तिथं त्या मुलीला बघण्यासारखं काही नव्हतंच. तो आवाज त्या खोलीत एकट्या मला येत होता. तिला विचारावं लागत होतं आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत होता. पापणी ओढणारा हात, केसांत फिरणारी बोटं, आरसा, टॉर्च यांच्याइतकंच हे विचारणंही तपासणीचं अंग आहे, आणि मला ते दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर बसून जास्त नीट कळलं. तिनं माझं उत्तर लिहून घेतलं, घाई न करता.

पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्री आहे. बंद खोली, कानांवर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. आवाज अगदी बारीक होत जातो, तेव्हा तो खरंच आला की आल्यासारखा वाटला, हे माणसानं कसं ठरवायचं? जाताना त्या मुलीला हे विचारायचं आहे. तिच्या आधीच्या पेशंटांनी काय सांगितलं असेल, तेही.